अंधारातले पिवळे गहू

आमच्या आईचा कोणावर विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हताच, त्याच्यावर कोणाचाच नसतो. पण रेशनच्या साखरेवर, पोस्टमनवर, उघड्या आभाळावर आणि माझ्यावरही नव्हता. बाबांना भिलाईच्या प्लांटमध्ये टाइमकीपरची नोकरी लागली म्हणून ती नागपूरकडचं भरलं घर सोडून इथे आली होती. सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं. भिंतींच्या चुन्याचा वास अजून गेला नव्हता. डावीकडे तेलुगू, उजवीकडे बंगाली, समोर पंजाबी. कोणाचं बोलणं कोणाला धड कळेना. बाया एकमेकींकडे पाहून हसायच्या आणि आत जाऊन कडी लावायच्या. समोरच्या बाईनं वाटीभर काही पाठवलं की आई ते आधी हुंगायची, मग बाबांना चाखायला द्यायची. "म्हणजे मी मेलो तं चालते तुले," बाबा म्हणायचे. "नाही तं लगन कशासाठी केलं," आई म्हणायची.

संशयाचं बाळकडू मला असं घरातच मिळालं. पण त्याचा खरा ताप व्हायचा तो माझ्या खेळण्याला. मला सारखं बाहेर जायचं असे आणि आईला मला आत ठेवायचं असे. मला दहावं लागलं होतं. "मोठी होऊन राहिली आता, पोट्ट्यायसंग काय हिंडतं?" हे सकाळसंध्याकाळ चालायचं. दादा बरोबर असला तरच, आणि तेही समोरच्या मैदानापर्यंतच, एवढी सूट होती. "एकडाव काही कानावर आलं नं माह्या, की बाहेर जाणं बंद. शाळा आन् घर." आई बोलेल तसं करणारी बाई होती, हीच पंचाईत होती.

आणि आम्ही तर मैदानावर खेळतच नव्हतो. आमची क्वार्टरची ओळ शेवटची होती, तिच्यामागे तारेचं कुंपण होतं. त्यापलीकडे डोक्याच्या वर वाढलेलं बेशरमाच्या झुडपांचं रान, आणि त्यातून वाकून वाकून गेलं की मुरमाची खदान. रस्त्यांसाठी मुरूम खणून नेला होता आणि काम पुढे सरकल्यावर खड्डा तसाच सोडून दिला होता. खदानीच्या काठाशी जुनं तळं होतं, उतरायला दगडी पायऱ्या होत्या. चिंच, मोह, बांबूचं दाट बेट आणि बेटाच्या आड एक पडकं मातीचं घर. भिंती आमच्या छातीइतक्या उरल्या होत्या, एका कोपऱ्यावर कवेलूंचं छप्पर कसंबसं टिकून होतं. घर कोणाचं होतं, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. त्या दिवसांत दिसेल ते सगळं प्लांटचं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

आम्ही म्हणजे मी, दादा आणि डावीकडचा तेलुगू मुलगा, जो दादाचा मित्र होता आणि आमच्याशी हिंदीत बोलायचा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर बसून आम्ही मुरमाच्या उतारावरून घसरायचो. दादाच्या बनियनमध्ये तळ्यातल्या बारक्या मासोळ्या पकडायचो आणि परत सोडायचो. दादाला मोठं होऊन इंजिनीयर व्हायचं होतं, त्यामुळे चिखलाची भट्टी, बांबूची चिमणी आणि आंब्याच्या कोयीची पिपाणी वाजवून भोंगा, असा आमचाही एक प्लांट तिथे उभा राहत होता. मी त्यात मजूर. फ्रॉकची मागची बाजू लाल व्हायची ती शाळेच्या मैदानामुळे, असं मी आईला सांगितलं होतं. ती म्हणायची, "शाळेचं मैदान तं काळं आहे." मग मी अभ्यासाला बसायची.

श्रावण लागला आणि तिथे आमच्याखेरीज आणखी कोणी येतं, असं वाटायला लागलं. आधी आमची चिमणी कोणीतरी उचलून भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. मग पडक्या घरातला पाला झाडून एका बाजूला केलेला. आणि एके दिवशी तर त्या घराची जमीन शेणानं सारवलेली होती, ताजी, ओलसर, हाताच्या अर्धगोल खुणा स्पष्ट दिसत होत्या. छपराखालच्या कोपऱ्यात एक मोडकी टोपली पालथी पडलेली असायची, तीही जागेवरून हललेली होती. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दादाचा संशय सरळ मित्रावर गेला. "तूने किसको बताया?" त्यानं कॉलर धरली. "अम्मा की कसम, किसी को नहीं," तो रडवेला झाला. मला तो खोटं बोलतोय असंच वाटलं, कारण आमच्या घरी शपथ घेणाऱ्यावर दुप्पट संशय घ्यायची रीत होती. मग दादा म्हणाला, चौकीदार असेल. मग म्हणाला, रशियन साहेब असेल, ते कुठेही नकाशे घेऊन हिंडतात. रशियन साहेब शेण कशाला सारवेल, असं मी विचारलं तेव्हा त्यानं मला मूर्ख म्हटलं.

शेवटी पायाचे ठसे घ्यायचं ठरलं. त्यासाठी पांढरी भुकटी हवी होती, आणि ती आमच्या घरी डबाभर होती: आईची रांगोळी. मी फ्रॉकच्या खिशांत भरून नेली. त्या दिवशी उघाड होती. पडक्या घराच्या उंबऱ्यावर दादानं या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगोळीचा जाड पट्टा ओढला. मला पट्टा नुसता बरा दिसेना, म्हणून मी दोन बाजूंना दोन स्वस्तिकं आणि मधे ठिपके काढले. आईनं उंबऱ्यावर काढायला शिकवलेलं तेवढंच मला येत होतं.

दुसऱ्या दिवशी रांगोळीवर एकही ठसा नव्हता. जो कोणी आला होता तो उंबरा टाळून बाजूच्या पडक्या भिंतीवरून उडी मारून गेला होता. आणि उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना कडुनिंबाचे डहाळे खोचलेले होते, मातीत एक गंजका खिळा ठोकलेला होता.

 कडुनिंब आणि खिळा म्हणजे काय, हे आम्हाला माहीत होतं. भाजीवालीनं हरेलीच्या सणाला आईला सगळं समजावून सांगितलं होतं: पावसाळ्यात टोनही फिरते, म्हणजे करणी करणारी बाई, म्हणून दाराला कडुनिंब लावतात, चौकटीला खिळा ठोकतात. आईनं तिच्यावरही विश्वास ठेवला नव्हता, पण विषाची परीक्षा कशाला म्हणून डहाळी मात्र लावली होती. आता आमच्या खेळाच्या जागेत कोणीतरी आमच्यावरच काहीतरी केलं होतं, यात शंका उरली नाही.

दादानं छाती पुढे काढून ती कोपऱ्यातली टोपली उलटी केली. खाली आणखी एक टोपली होती, मातीनं भरलेली, आणि त्यात वीतभर उंचीचे गव्हाचे कोंब. हिरवे नाहीत, पिवळे. हळदीसारखे पिवळे आणि मऊ.

"घट," दादा म्हणाला.

"नवरात्र कुठं आलं आत्ता?" मी म्हटलं. घट आमच्या घरीही बसायचे, देवीसमोर, दिव्याजवळ. देव नाही, दिवा नाही, पडक्या घरात झाकून ठेवलेले भलत्या महिन्यातले घट म्हणजे करणीच. तेलुगू मुलानं हे ऐकलं आणि तो जो पळाला तो थेट घरी. दादानं टोपली उचलली. तळ्यात फेकून मोकळं व्हायचं, असं त्याचं म्हणणं.

"मोर भोजली ला झन छूबे!"

माझ्या भोजलीला हात लावू नको, असं ओरडत बांबूच्या बेटातून एक मुलगी बाहेर आली. माझ्याएवढीच, लुगड्याचा तुकडा गुंडाळलेली, हातात पाण्याचा गडू. टोपली दादाच्या हातात होती. पण बोट तिनं दादाकडे नाही, माझ्याकडे दाखवलं. माझ्या फ्रॉकच्या खिशांना कालची रांगोळी लागलेली होती. "तैं टोनही हस का?" तिनं विचारलं.

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. टोनही मी? तिच्या उंबऱ्यावर पांढऱ्या रेघा कोणी मारल्या, आकडे-ठिपके कोणी काढले, ती हिंदी-छत्तीसगढी एक करून ओरडत होती. तिला वाटलं होतं की कोणीतरी मंत्र घालून घर बांधून टाकलंय, आता ओलांडलं की मरण. म्हणून तिनं आजीला विचारून कडुनिंब आणला, खिळा ठोकला, आणि भिंतीवरून उडी मारून भोजलीला पाणी घालून गेली. "हे तर आम्ही दारात रोज काढतो," मी म्हटलं. "का?" "देवासाठी." तिचा विश्वास बसला नाही. मग मी विचारलं, हे पिवळे गहू कशासाठी. "देवी साठी," ती म्हणाली. माझाही बसला नाही. 

"तू इथे का येतेस पण?" दादानं विचारलं.

"ये हमर घर आय," ती म्हणाली.

चौकीदार हाकलतो म्हणून ती आणि तिची आजी लपून यायच्या. श्रावणात मुली भोजली म्हणून गहू पेरतात, अंधारात वाढवतात, आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी गावाच्या तळ्यात नेऊन शिरवतात. तिची आई प्लांटवर रेजा होती, डोक्यावर माती-विटा वाहायची. प्लांटसाठी गाव उठवल्यापासून ते साइटपलीकडे पोत्यांच्या झोपडीत राहत. झोपडीत अंधारा कोपरा नव्हता आणि तळं तर इथेच होतं. हे सगळं ती जरा रागानंच सांगत होती. जाताना मी तिला नाव विचारलं आणि तिनं सांगितलं. माझं मी सांगितलं. दादा तेव्हा लांब कुंपणाशी होता.

घरी पोहोचेपर्यंत इकडे भडका उडाला होता. तेलुगू मुलानं त्याच्या आईला सांगितलं, तिनं बंगालिणीला, तिनं पंजाबिणीला. एरवी एकमेकींचं अक्षरही न कळणाऱ्या बायांना 'टोनही' हा एक शब्द मात्र बरोबर कळला. कोणी म्हणालं, एक वाकलेली म्हातारी तिथे जाताना पाहिली. पुरुषांनी ठरवलं, सकाळी चौकीदाराला घेऊन जायचं, झुडपं तोडायची, असेल ते तळ्यात फेकायचं, आणि म्हातारी सापडली तर चांगले चार फटके द्यायचे. लोकांचे डोळे पाहून मला भीती वाटली.

आईनं दादाला विचारलं, "तुमी गेले होते का तिकडं?" "नाही," दादा म्हणाला, डोळ्याची पापणी न हलवता. आईनं माझ्याकडे पाहिलं. गप्प बसले तर खेळणं शाबूत होतं. बोलले की बंद. मी रडायलाच लागले.

"ती टोनही नाही आई. माझ्या मैत्रिणीची आजी आहे."

"तुई मैत्रीण? कोठची?"

मग मी कुंपणापासून रांगोळीपर्यंत सगळं सांगून टाकलं. दादानं माझ्याकडे असं पाहिलं की ते नुसतं आठवूनही मला आजही चीड येते.  आईनं पदर खोचला, छत्री घेतली आणि म्हणाली, "दाखव."

दिवस मावळायला अजून वेळ होता. बेशरमातून वाकून जाताना आईचं लुगडं अडकत होतं आणि ती झाडांवरही संशय घेत होती. पडक्या घरात आजी-नात दोघी होत्या. आम्हाला पाहून म्हातारी टोपलीला पाठीशी घालून बसली.  आईनं वाकून टोपली हुंगली, कोंबांवरून हात फिरवला, बोट नाकाशी नेलं. "हळदीचं पाणी घातलं," ती म्हणाली. "झाकून ठेवले तं घटातले गहू बी असेच पिवळे येतात." मग म्हातारीला विचारलं, "पण इथंच कावून?" म्हातारीला मराठी कळलं नसावं, प्रश्न कळला. तिनं उठून कोपऱ्यातला पाला पायानं सारला. खाली काळी पडलेली चूल होती. ती दाखवून ती परत टोपलीपाशी जाऊन बसली.

आई परत आली ती सरळ बाया उभ्या होत्या तिथे गेली आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "पूजा का है. कोई हात मत लगाओ. मैंने देखा." त्या दिवसापासून बाया आईकडेही संशयानं पाहायला लागल्या, पण चौकीदार गेला नाही. घरात येऊन आईनं कडी लावली. "आता तुयं बाहेर जाणं बंद," ती मला म्हणाली. मी खूप रडले. खरं बोलून मला हेच मिळालं, असं मी तिला तोंडावर सांगितलं. "खरं उशिरा बोलली तू," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

राखीच्या दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूनं गाण्याचा आवाज आला. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या मूठभर मुली खदानीच्या काठानं तळ्याकडे चालल्या होत्या. गाव विखुरलं होतं, होत्या तेवढ्याच आल्या होत्या. मी मागच्या दारात, आईचा हात माझ्या खांद्यावर, घट्ट. थोड्या वेळानं ती मुलगी भिजलेल्या कपड्यांनी कुंपणापाशी आली. हातात धुतलेल्या पिवळ्या कोंबांची जुडी होती. आईनं हात सैल केला तशी मी कुंपणाशी गेले. त्या मुलीनं तारेतून हात घालून माझ्या कानामागे थोडे कोंब खोचले आणि उरलेले मला दिले. मी तिच्या कानामागे खोचले. पाण्याचा गार वास आला.

मागून म्हातारी आली. "अब ले एकर नाव झन लेबे, नोनी," ती मला म्हणाली. "भोजली कहिबे. नाव लेबे त मितानी टूट जाही."

"म्हणजे काय झालं आता?" आईनं विचारलं. म्हातारीनं हातवारे करून समजावलं: दोघी आता बहिणींपेक्षा जवळच्या. जन्मभर. एकमेकींना भोजली म्हणायचं, नाव कधीच घ्यायचं नाही. ही तुझी मुलगी तशी माझी नातही, आणि हिला काही झालं तर जबाबदार ती. आई बराच वेळ त्या पोरीकडे निरखून पाहत राहिली. दूधवाल्याच्या कॅनमध्ये पाहायची तशी. "पाण्यात नाही जाऊ देणार हिले?" तिनं विचारलं. पोरीनं जाऊ देणार नाही अशी मान हलवली.

"मंग जाय तिच्यासंग," आई मला म्हणाली. "तिच्यासंगच. तुया भावाचं काही खरं नाही, तो खोटं बोलते."

दादानं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. आईनं आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी विश्वास टाकला होता, आणि तो माझ्या मैत्रिणीवर. दुपारी कुंपणापाशी "भोजली!" अशी हाक आली की आई आतूनच म्हणायची, "जाय, बलावून राहिली." आम्ही तिच्या घरात घर-घर खेळायचो. ती खऱ्या चुलीपाशी बसून खोटी भाकरी करायची, इथे गाय बांधायचो, इथे बाप निजायचा, असं सांगायची, आणि मला पाहुणी करायची. पाहुणीला बाहेरूनच हाक मारून आत यावं लागे. तेवढं वर्ष मी फार सुखात होते.

उन्हाळ्यात ती कमी यायला लागली, मग आलीच नाही. त्यानंतर यंत्रं आली. बेशरम गेलं, बांबू गेला, खदान आणि तळं दोन्ही बुजवून क्वार्टरची नवी ओळ आखली गेली. श्रावण आला तशी मी रोज मागच्या दारात उभी राहायची. आई येता-जाता पाहायची. एक दिवस ती म्हणाली, "तिच्याबिगर तं मी तुले सोडत नाही. चाल, पाहू कोठी गेली ते."

दुपारची सुट्टी झाली होती. साइटच्या फाटकाबाहेर झाडाखाली रेजा बाया बासी, म्हणजे पाण्यातला शिळा भात, खात बसल्या होत्या. आईनं विचारलं, एक म्हातारी, तिची सून रेजा, आणि एवढी पोरगी. अशा पुष्कळ होत्या. "का नाव हे नोनी के?" एकीनं विचारलं. म्हातारी तिला नोनीच म्हणायची, नोनी म्हणजे पोरगी. नाव फक्त मला माहीत होतं.

"सांग," आई म्हणाली.

मी गप्प.

"सांग नं वं! तोंडात मूग गिळले काय? माह्या कानात सांग."

नाव माझ्या जिभेवर होतं. मी ओठ आवळून घेतले आणि मान हलवली. आईचा चेहरा रागानं लाल झाला. म्हातारीचा नियम ती विसरली होती; तिला वाटलं मला नावच माहीत नाही, वर्षभर मी तिला फसवलं. पण त्या बाईच्या लक्षात आलं. "भोजली बदे हे," ती बाकीच्यांना म्हणाली, "नाव नइ लेवय." कोणी हसलं नाही. तिनं घास खाली ठेवला आणि मला जवळ घेऊन विचारलं, "बने, नाव झन ले. कोन गाँव के हे, तेन ला बता."

गावाचं नाव सांगायला बंदी नव्हती. मी तोंड उघडलं आणि मला कळलं, मी तिला ते कधी विचारलंच नव्हतं.

"सेक्टर दो," मी म्हटलं.

"सेक्टर दू म त तैं रहिथस," ती म्हणाली.

"ती पण. तिचं घर तिथेच आहे."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीनं एका गावाचं नाव घेतलं, हे का? दुसरीनं दुसरं घेतलं. तिसरीनं आपलं स्वतःचं सांगितलं. सगळी गेलेली गावं, एकामागून एक, प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे आशेनं बघत, आणि मला त्यातलं एकही ओळखता येईना. आईनं सगळी ऐकून घेतली. तिनं कोणालाच खोटं म्हटलं नाही.

भोंगा झाला, बाया टोपल्या उचलून आत गेल्या.  घरी दारात चप्पल काढता काढता आई म्हणाली, "आता अंगणातच खेळ."